सव्वीस शून्यं

८ जानेवारी, सोमवार

अधिष्ठाता हो म्हणाले! म्हणजे "बरं, करून बघा एकदाचं" असं म्हणाले, हट्टी पोराला भिंतीवर चढू द्यावं तसं. पण हो ते हो.

इतकी वर्षं या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी देवघेवीच्या खिडकीत बसले. पुस्तक घ्या, पुस्तक द्या, उशीर झाला, दंड भरा. समोर पदवीची पोरं येतात. नेटवर दिसलेली पहिली ओळ म्हणजेच ब्रह्मवाक्य, अशी त्यांची समजूत. आणि मी मात्र शिक्का मारून गप्प बसायचं. नाही बसवत मला. कोण म्हणतंय, कशाच्या जोरावर म्हणतंय, मूळ कुठे आहे, हे शोधायला शिकवणारा एक वर्ग घेऊ द्या, म्हणून अधिष्ठात्यांच्या खोलीचे उंबरठे झिजवले. आज फळलं.

आता अट. वेगवेगळ्या शाखांतली एकोणतीस मुलं देणार. शेवटी परीक्षा, प्रश्नपत्रिका माझी नाही, शिक्षणशास्त्राच्या सरांची, तपासणारही तेच. वर्गाची सरासरी साठच्या वर गेली तर पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला हा वर्ग. नाही गेली तर वर्ग बंद, आमचा संगणक कक्ष प्रवेश विभागाला, आणि मी परत खिडकीत. निवृत्त होईपर्यंत.

"ताई, साठ म्हणजे फार होतात हो," धाकटी म्हणाली. ही माझी सहकारी. वयाने लहान म्हणून अख्खं ग्रंथालय तिला धाकटी म्हणतं. मी म्हटलं, "अगं, घोडामैदान जवळच आहे."

१२ जानेवारी, शुक्रवार

संगणक कक्षात रंगारी घुसलेत. सगळ्या भिंती हिरव्या! पोपटी पण नाही, धड शेवाळी पण नाही, मधलंच काहीतरी. सगळ्या वर्गखोल्या अशाच होणार आहेत म्हणे. अधिष्ठात्यांनी समजावलं, "हिरव्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त लागतं, मॅडम. संशोधनाने सिद्ध झालंय. शिक्षणशास्त्राच्या सरांनीच शिफारस केली."

असेल बाई. शिकलेली माणसं सांगतात म्हणजे असेल. ज्याने खोली दिली त्याच्याशी रंगावरून कुठे वाद घालत बसू?

वासाने डोकं उठलं. घरी आले तर ह्यांनी फोन समोर धरला. कुठलासा काढा घेतला की रक्तदाबाच्या गोळीची गरजच नाही. कुणी पाठवलं? तर दादाने. माझा सख्खा भाऊ! मी म्हटलं, "दादा पाठवतो म्हणून खरं का?" तर हे म्हणाले, "खोटं कशाला पाठवेल?" जगाला शिकवायला निघालेय, आणि घरात हे असं.

१६ जानेवारी, मंगळवार

पहिला तास. एकोणतीसच्या एकोणतीस हजर, कारण हजेरीचे गुण आहेत.

विचारलं, "एखादी गोष्ट खरी आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?" मागून एकजण म्हणाला, "शोधलं की सगळ्यात वर येते ती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "बाजारात सगळ्यात वरच्या टोमॅटोवरून पाटी पारखता का? तो तर दुकानदाराने पुसून ठेवलेला असतो." हसली मुलं. बरं वाटलं.

मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हटलं, या वर्गाचा कायदा हाच. कुठलंही वाक्य दिसलं की विचारायचं, मूळ आड कुठे आहे? दुसऱ्याने सांगितलेलं चालणार नाही, स्वतः जाऊन वाकून बघायचं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची किडकिडीत मुलगी उठली. "मॅडम, मुलं सगळ्यात वरचंच उघडतात हे तुम्ही म्हणालात. ते कशावरून?"

आता काय सांगू? इतकी वर्षं खिडकीतून बघतेय, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, "तासानंतर ये." तासानंतर आली की! सोडते कुठली. मी तिचं नाव शंकाबाई ठेवलं. तिला ते आवडलेलं दिसतंय, वहीवर लिहून टाकलं. आगाऊ आहे कार्टी.

३० जानेवारी, मंगळवार

आजचा तास पाण्यात गेला.

एवढा महत्त्वाचा विषय. छापून आलेला लेखसुद्धा मागे घेतला जातो, हे सांगत होते. आकडे खोटे निघाले, प्रयोग जमला नाही, की नियतकालिक तो लेख मागे घेतं आणि आपल्या पानावर तशी सूचना लावतं. पण तुम्ही आधीच उतरवून ठेवलेल्या प्रतीवर ती सूचना कशी उमटेल? दूध सकाळी चांगलं होतं, म्हणून संध्याकाळी न बघता चहात ओतता का? उघडून वास घ्यायचा. तसंच, लेख वापरायच्या आधी दर वेळी नियतकालिकाच्या पानावर जायचं.

एवढं घसा फोडून सांगितलं, आणि समोर? निम्मी पोरं भिंतीकडे बघत होती. एकजण तर बोटाने भिंत खरवडून बघत होता. शंकाबाईने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुसखुसल्या. पालथ्या घड्यावर पाणी. धाकटीला म्हटलं, "लक्ष लागतं म्हणे हिरव्या रंगाने. सगळं लक्ष रंगावरच आहे!"

६ फेब्रुवारी, मंगळवार

मुलांना वाटायला काढलेले सरावाचे कागद टेबलावरून गायब होतात. काल एक सापडला, तोही ह्यांच्या खुर्चीखाली. वर कपाची गोल खूण आणि कडेला पेन्सिलीच्या बरोबरच्या खुणा. ह्यांना म्हटलं, "माझे कागद म्हणजे काय बशा आहेत?" ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग जरा मार्गी लागलाय. आज प्रत्येकाने एकेक दावा घेऊन मागे मागे जायचं होतं. बातमीतून लेखात, लेखातून त्याच्या संदर्भात, तिथून त्याच्याही संदर्भात. एका जोडीला काय सापडावं? पहिल्याने दुसऱ्याचा हवाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने परत पहिल्याचा! तिघांनी एकमेकांचा हात धरलाय आणि पाय कुणाचेच जमिनीवर नाहीत. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला इतका आनंद झाला की मीही वाजवल्या.

पण मजा वेगळी आणि परीक्षा वेगळी. शिक्षणशास्त्राचे सर जिन्यात भेटले. सज्जन माणूस, टापटिपीचा, कुणाशी वाकडं बोलत नाही. म्हणाले, "मॅडम, एक उत्तम लेख घातलाय मी परीक्षेत. माझा फार आवडता आहे. निम्मे गुण त्यालाच." मी हसून मान हलवली. निम्मे गुण एका प्रश्नाला! पोरांनी तोच सोडला तर?

२ मार्च, शनिवार

दादाचा फोन. फुगलाय. ह्यांनी त्याला कळवलं म्हणे, "मूळ कुठे आहे ते पाठव, नाहीतर पाठवू नकोस." मी ह्यांच्यावर चिडले. माझ्या माहेरच्या माणसाशी असं बोलतात का? हे म्हणाले, "काय चुकलं माझं? गोळी चालू ठेवायची का नाही, ते कुणाच्या भरवशावर ठरवू?" म्हटलं, ते डॉक्टरला विचारा, दादाला कशाला दुखावता. माणूस निवृत्त झाला की चिडका होतो हेच खरं.

५ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली. आणि मला वाटतंय सगळं संपलं.

परीक्षा संगणकावर शोधाशोध करायला मोकळी होती, फक्त आपसात बोलायचं नाही. पहिले दोन प्रश्न सोपे. तिसऱ्याला छापील लेख जोडलेला: हिरव्या भिंतींच्या वर्गात मुलांना जास्त गुण मिळतात, या विषयावरचा. लेखाचा निष्कर्ष लिहा आणि त्याच्या आधारे नव्या वर्गखोलीसाठी शिफारस करा. मनात म्हटलं, वा! सोपं आहे, चारही बाजूंना उत्तर रंगवलेलंच आहे.

पाऊण तास झाला आणि शंकाबाईचा हात वर. "मॅडम, या लेखाबद्दल विचारायचं होतं." मी म्हटलं, "परीक्षेत प्रश्न विचारायचे नाहीत." "पण मॅडम..." "बस खाली!" बसली. मग दुसऱ्याचा हात. त्यालाही बसवलं. मग काय झालं कोण जाणे, एकेक करून पोरं प्रिंटर चालवायला लागली. कागद संपला. धाकटीने आणखी आणून घातला. मी जाऊन बघितलं तर सगळ्यांचं एकच पान! वरती लाल चौकट असलेलं. एवढं एकसारखं पान सव्वीस-सत्तावीस जणांनी का छापावं? कॉपी, दुसरं काय. एकाने शोधलं आणि डोळ्यांच्या खुणांनी सगळीकडे गेलं.

आणि बाहेर पडताना सगळी हसत होती. एकजण तर मला म्हणाला, "भारी होतं मॅडम, तिसरं!" मी पाठ फिरवली. ज्यांच्यासाठी मी भांडले तीच पोरं अशी निघाली. जेवण गेलं नाही आज.

१३ मार्च, बुधवार

निकाल. सरासरी चव्वेचाळीस.

तिसऱ्या प्रश्नात सव्वीस जणांना शून्य. शून्य! तीन मुलांना चांगले गुण पडलेत, बाकी सगळे भोपळे. शिक्षणशास्त्राच्या सरांनी गुणपत्रक स्वतः आणून दिलं. बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. "मॅडम, मला फार वाईट वाटतंय. पण मुलांनी प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही. भलतंच काहीतरी लिहिलंय." उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही टेबलावर ठेवून गेले.

धाकटी म्हणाली, "ताई, एकदा वाचून तरी बघा काय लिहिलंय." मी म्हटलं, "माझ्या फजितीचे कागद मी वाचू होय? कपाटात टाक." टाकले तिने.

१४ मार्च, गुरुवार

वर्गात गेले आणि झाडलं सगळ्यांना. मनात होतं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, "या तिघांनी काय ते शिकून घेतलं. बाकीच्यांनी यांच्याकडून शिका." तिघांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या अशा पडल्या की नसत्या पडल्या तर बरं. त्या तिघांपैकी एकजण खाली मान घालून उभा होता. भिडस्त दिसतो.

शंकाबाई नुसती टक लावून बघत होती माझ्याकडे, मीच काहीतरी भयंकर केल्यासारखी.

एकवीस तारखेला वर्गाचा निर्णय करायला समितीची बैठक आहे, याच खोलीत. प्रवेश विभागाची बाई आजच टेपने भिंती मोजून गेली. तिची टेबलं कुठे बसतील बघत होती. मी खडू-डस्टर पिशवीत भरले. खिडकीतली माझी जुनी खुर्ची पुसून ठेव म्हणून शिपायाला सांगितलं.

१८ मार्च, सोमवार

नीट लिहायला हवं, घडलं तसं.

शंकाबाई आली. संगणक कक्षाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमची उत्तरं वाचलीत?"

मी म्हटलं, "गुण वाचले. पुरे झालं तेवढं."

"गुण म्हणजे सरांना काय वाटलं ते. ते मूळ नाही, मॅडम."

असं अंगावर आलं ते वाक्य! मी म्हणणार होते, निघ इथून. तोंडापर्यंत आलं होतं. पण फळ्यावर माझ्याच अक्षरात आड आणि पोहरा लिहिलेला. कुणीच पुसला नव्हता. मी किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. ती गेली नाही, उभीच राहिली.

पहिली उत्तरपत्रिका. तिसरा प्रश्न. "हा लेख नियतकालिकाने तीन वर्षांपूर्वी मागे घेतला आहे. त्यातले आकडे पडताळता आले नाहीत, मूळ नोंदी लेखकांना देता आल्या नाहीत. सूचनेचे पान सोबत जोडले आहे. त्यामुळे निष्कर्ष लिहिता येत नाही." आणि मागे टाचलेलं ते पान. लाल चौकटीचं. समासात सरांचा शेरा, विषयांतर, आणि भलंमोठं शून्य.

दुसरी. तीच गोष्ट, शब्द वेगळे. तिसरी. "शिफारस करा असं म्हटलंय, म्हणून करतो. शिफारस अशी, की हा लेख वापरू नये." चौथीत एकाने लेखातलं कोष्टक बेरजा करून तपासलं होतं, आणि दोन वर्गांतल्या मुलांची संख्या जुळत नाही म्हणून दाखवलं होतं. एकाने शेवटी लिहिलं होतं, "मी आत्ता ज्या खोलीत बसलो आहे तिच्या भिंतींबद्दल मला वाईट वाटतं." मी हसत होते का रडत होते, माझं मलाच कळेना. कॉपी म्हणे! कॉपी केली असती तर सगळी एकच वाक्य लिहितील ना? सव्वीस जणांनी आपापल्या वाटेने जाऊन एकाच विहिरीत डोकावून बघितलं होतं.

शंकाबाईची स्वतःची उत्तरपत्रिका सगळ्यात खाली होती. "मॅडमना विचारणार होते, पण परीक्षेत प्रश्न विचारायचे नाहीत म्हणाल्या. म्हणून नियतकालिकालाच विचारलं."

मी म्हटलं, "अगं, मग परीक्षा झाल्यावर का नाही बोललीस?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम घातलाय. आम्ही पकडतो का ते बघायला." मग म्हणाली, "आणि गुरुवारी तुम्ही एवढं बोललात, की कुणाला तोंडच उघडवेना."

मी तिला जवळ घेतलं. माझं चुकलं म्हणाले. सगळ्या वर्गासमोर म्हणणार आहे.

त्या टाळ्या घेतलेल्या तिघांनी लेखाचा सारांश अर्थातच सुंदर लिहिलाय. त्यांनी तेवढं पान उघडलं नाही.

२१ मार्च, गुरुवार

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

समिती जमली. अधिष्ठाता, शिक्षणशास्त्राचे सर, पाच विभागप्रमुख. प्रवेश विभागाची बाई नकाशा घेऊनच आली होती. अधिष्ठाता म्हणाले, "सरासरी चव्वेचाळीस आहे मॅडम, आता काय बोलायचं?"

मी म्हटलं, "मी काहीच बोलत नाही. समोर संगणक आहेत, तिसऱ्या प्रश्नातला लेख प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवलाय. त्या नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर जा आणि हा लेख शोधा. एवढंच करा."

"अहो, आम्ही परीक्षेला बसलोय की काय?" गणिताचे प्रमुख म्हणाले. पण बसले. सगळेच बसले. मोठी मोठी माणसं, एका बोटाने टकटक करताहेत. एकाला कळफलकाची भाषा बदलता येईना, धाकटी धावली. एकजण शेजाऱ्याच्या स्क्रीनवर बघायला लागले, मी म्हटलं, "सर, आपापलं." हसू दाबलं सगळ्यांनी.

आणि मग गणिताचे प्रमुख एकदम ओरडले, "सापडलं! अहो, हा तर मागे घेतलाय!" साठीचा माणूस, लपंडावात पहिला गडी सापडल्यासारखा खुर्चीतून उठला. "इथे, इथे, लाल चौकटीत!" मग एकेकाला दिसायला लागलं. खोलीत नुसता कलकलाट.

शिक्षणशास्त्राच्या सरांनी आपला स्क्रीन जवळ ओढला. ते त्या पानाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उभे राहिले. "माझ्याकडची प्रत सहा वर्षांपूर्वी उतरवलेली आहे. तीच मी दर वर्षी वर्गात वाटतो. या पानावर मी परत कधी आलोच नाही. सव्वीस मुलांचं उत्तर बरोबर आहे आणि माझं नमुना उत्तर चूक. मी आजच पुन्हा तपासतो." माणूस मोठा असतो तो असा. पोटभर भांडायच्या तयारीने गेले होते मी, आणि डोळ्यांत पाणी घेऊन उभी राहिले.

अधिष्ठाता मात्र भिंतींकडे बघत होते. "म्हणजे... हे सगळं?"

मी म्हटलं, "रंग राहू द्या की साहेब. रंग चांगलाच आहे. फक्त कारण खोटं निघालं." असा हशा पिकला की बाहेरून पोरं डोकावायला लागली. प्रवेश विभागाच्या बाईने नकाशाची गुंडाळी केली.

मंजूर! पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला. आणि निघताना गणिताच्या प्रमुखांनी हळूच विचारलं, "प्राध्यापकांसाठी पण एखादा तास ठेवता येईल का हो?" बघते म्हटलं. भाव खाल्ला थोडा, का नाही खायचा?

२२ मार्च, शुक्रवार

सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. ओशाळवाणं वाटलं, पण मागितली. मग सव्वीस जणांना उभं केलं आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. त्या तिघांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. तो खाली मान घालून उभा राहणारा म्हणाला, "मॅडम, मला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं, पण पेपर देऊन झाल्यावर." भिडस्त नव्हता तर!

घरी पेढ्याऐवजी टीका. ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "सूचना लाल चौकटीतच असते का दर वेळी? का कधी नुसत्या नावाच्या वर लिहिलेली असते?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" इतका मोठा दिवस, आणि ह्यांना चौकटीचं पडलंय.

२७ मार्च, बुधवार

आज परिपत्रकाचा मसुदा आला, सही होण्याआधी एकदा बघून घ्या म्हणून. नव्या गुणांनी सरासरी सत्याऐंशी झाली. मसुद्यात लिहिलं होतं, "सदर अभ्यासक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेत लक्षणीय वाढ होते, हे सिद्ध झाले आहे."

वाचलं आणि आधी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? परत वाचलं. धाकटीला मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, आणि कागद घेऊन तडक अधिष्ठात्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, हे वाक्य काढा."

"का? काय चुकलं?"

"सिद्ध कुठे झालंय? एकच वर्ग, एकच परीक्षा. हा वर्ग न केलेल्या मुलांना कुणी ती परीक्षा दिलीय का? वाढ झाली म्हणायची, तर आधी किती होती?"

"अहो मॅडम, तुमच्याच फायद्याचं लिहिलंय!"

"म्हणून तर."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मग मंजूर कशाच्या आधारावर केला म्हणून लिहू?"

मी त्यांचंच पेन घेतलं, ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, "एका वर्गातील सव्वीस विद्यार्थ्यांनी परीक्षेत दिलेला लेख मुळातून तपासला व तो मागे घेतलेला असल्याचे शोधून काढले. म्हणून हा अभ्यासक्रम सर्वांसाठी सुरू करण्यात येत आहे." म्हटलं, "एवढं घडलंय, तेवढंच लिहा. आणि पुरेसं आहे."

त्यांनी वाचलं. सहीसाठी पेन टेकवलं आणि थांबले. "सव्वीसच ना? नक्की?"

मी म्हटलं, "उत्तरपत्रिका खाली माझ्या टेबलावर आहेत."

मला वाटलं, हसतील आणि सही करतील. पण नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, उठले, माझ्यामागून जिना उतरून संगणक कक्षात आले, गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक उत्तरपत्रिका उघडून स्वतः मोजायला बसले.